पहिला असेंबल्ड कॉम्प्युटर: कमी पैशांत काय आधी घ्यावं, काय नंतर

"कोअर आय७, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, मॉनिटर-कीबोर्ड-माऊससकट, वर दुकानाची वॉरंटी." आणि किंमत अशी की नव्या लॅपटॉपच्या निम्मीही नाही. अशी जाहिरात तुमच्यापर्यंत पोहोचली असणारच. तिच्यात खोटं बहुधा काही नसतं. फक्त तो आय७ म्हणजे २०११ साली आलेला आय७-२६०० असतो. सोबत एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरची मुख्य चिप) कुठल्यातरी अनोळखी नावाचा बोर्ड आणि जुन्या पिढीची डीडीआर३ रॅम. हा आय७ चार कोअर, आठ थ्रेडचा. २०२२ साली आलेला आय३-१२१०० सुद्धा चार कोअर, आठ थ्रेडचाच. पण प्रत्यक्ष कामात तो या आय७ला कुठल्या कुठे मागे टाकतो. शिवाय आय७-२६००वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

म्हणून पहिला नियम: आय३, आय५, आय७ हे आकडे बघून प्रोसेसर घेऊ नका. पूर्ण मॉडेल नंबर विचारा. 'आय५ आहे, मस्त चालतो' एवढंच उत्तर देऊन जो दुकानदार पुढचा नंबर सांगत नाही, त्याच्याकडचा चहा प्या आणि निघा.

हा लेख कॉम्प्युटर पहिल्यांदाच जोडून घेणाऱ्यांसाठी आहे. मॉनिटर सोडून तीस-चाळीस हजारांच्या आसपास खर्च करायचा आहे. घरात अभ्यास, ऑफिसची कामं, टॅली, थोडं डीटीपी किंवा व्हिडिओ एडिटिंग आणि रात्री एखादा गेम एवढी अपेक्षा आहे, असं मी धरलं आहे. भागांच्या किमती मुद्दाम देत नाही. २०२५च्या शेवटी शेवटी रॅमचे भाव असे काही चढले, की महिन्यापूर्वीचं कोटेशन रद्दीत गेलं. भाव ज्या दिवशी घ्याल त्या दिवशीचे बघा. कशावर खर्च करायचा याचा क्रम मात्र सहसा बदलत नाही.

आधी काम ठरवा, मग एक विभागणी करा

कागदावर दोन रकाने आखा. एकात नंतर बदलायला त्रासाचे भाग: मदरबोर्ड, प्रोसेसर, एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा). दुसऱ्यात पाच मिनिटांत बदलता किंवा वाढवता येणारे: रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड. पैसे कमी असतील तर पहिल्या रकान्यात काटकसर करू नका, दुसऱ्यात करा. बहुतेक नवखे नेमकं उलटं करतात. रंगीत दिव्यांचा कॅबिनेट आणि जेमतेम ग्राफिक्स कार्ड आधी घेतात आणि उरलेल्या पैशांत बोर्ड व एसएमपीएस बसवतात. वर्षभराने चांगलं कार्ड घ्यायची वेळ येते तेव्हा एसएमपीएस पेलत नाही, रॅमला रिकामा स्लॉट नसतो, आणि मग सगळंच बदलावं लागतं.

यावरून पुढची गोष्ट निघते. पहिल्या बजेट कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड घेऊच नका. प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर काम सुरू करा, कार्डाची जागा रिकामी ठेवा.

तुमचं काम फक्त टॅली, एक्सेल आणि ब्राउझर एवढंच असेल, तर खरं सांगायचं म्हणजे जोडणीच्या फंदात पडायचीही गरज नाही. कंपन्यांनी लीज संपल्यावर परत केलेले आठव्या पिढीचे किंवा त्यापुढचे आय५ असलेले ऑफिस डेस्कटॉप रिफर्बिश्ड बाजारात मिळतात, विंडोज ११ त्यांच्यावर रीतसर चालतं आणि ते नव्या जोडणीपेक्षा स्वस्त पडतात. त्यांची एकच मेख आहे: अनेक मॉडेल्समध्ये एसएमपीएस आणि बोर्डाचे कनेक्टर कंपनीचे स्वतःचे असतात, त्यामुळे पुढे वाढवायला वाव थोडा.

प्रोसेसर आणि बोर्ड: हे दोन एकत्रच ठरवायचे

स्वस्तातल्या जोडणीसाठी दोन जोड्या अजूनही विचारात घेण्यासारख्या आहेत.

पहिली, इंटेलचा आय३-१२१०० आणि एच६१० बोर्ड. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, एलजीए १७००. आत यूएचडी ७३० ग्राफिक्स आहेत. गेमसाठी ते बेताचेच, पण व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांना त्यांचा एक फायदा होतो. इंटेलची क्विक सिंक सोय मोबाईलवर काढलेले एचईव्हीसी प्रकारचे व्हिडिओ उघडताना आणि एक्स्पोर्ट करताना प्रोसेसरवरचा भार उचलते. शाळेच्या किंवा यूट्यूबच्या साध्या व्हिडिओंसाठी ही जोडी पुरते.

दुसरी, एएमडीचा रायझन ५ ५६००जी आणि ए५२० किंवा बी५५० बोर्ड. सॉकेट एएम४. सहा कोअर, बारा थ्रेड. आतले व्हेगा ग्राफिक्स इंटेलच्या त्या ग्राफिक्सपेक्षा बरेच दमदार आहेत, त्यामुळे सेटिंग कमी ठेवून व्हॅलोरंटसारखे गेम कार्डाशिवाय खेळता येतात. घरात गेम खेळणारं कोणी असेल तर मी हीच जोडी सुचवेन.

आता अक्षरांकडे नीट बघा, कारण सगळ्यात महागडी गफलत इथे होते. इंटेलच्या नंबरापुढे 'एफ' असेल, म्हणजे आय३-१२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाहीत. एएमडीच्या एएम४मध्ये उलटं आहे: नंबरापुढे 'जी' असेल तरच ग्राफिक्स. रायझन ५ ५५०० आणि ५६०० हे उत्तम प्रोसेसर आहेत, पण कार्ड लावल्याशिवाय त्यांच्यावर पडदा काळाच राहतो. 'एफ'वाला थोडा स्वस्त दिसतो म्हणून घेतला आणि घरी आल्यावर डिस्प्ले येईना, असा प्रश्न विचारणारा महिन्यात एखादा तरी भेटतोच.

बोर्ड निवडताना चिपसेटच्या नावापेक्षा या गोष्टी तपासा. रॅमचे स्लॉट किती? एच६१० आणि ए५२०च्या बहुतेक बोर्डांवर दोनच असतात. बी५५०वर चार असलेले मिळतात. एनव्हीएमई (वेगवान प्रकारच्या) एसएसडीसाठी एम.२ स्लॉट, म्हणजे ती थेट बोर्डावर बसवायची खाच, आहे का, आणि किती? एच६१० बोर्ड डीडीआर४चा आहे की डीडीआर५चा? एकाच नावाचे दोन्ही प्रकार बाजारात असतात, आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. घरातला जुना मॉनिटर वापरणार असाल तर त्याच्या मागे काय आहे ते बघून जा. फक्त व्हीजीए असेल तर बोर्डावरही व्हीजीए पोर्ट असलेला बरा. कन्व्हर्टरचे पैसे आणि डोकेदुखी वाचते.

एएम४मध्ये आणखी एक बघायचं असतं. बी४५०सारखे जुने बोर्ड पडून राहिलेल्या मालातले असतील तर त्यांचा बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) जुना असू शकतो, आणि मग ५००० मालिकेचा प्रोसेसर ते ओळखत नाहीत. दुकानातच बायोस अपडेट करून घ्या. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रत्येक मॉडेलसाठी चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते, त्यात कोणता प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो तेही लिहिलेलं असतं. घ्यायच्या आधी ती यादी मोबाईलवर उघडून दुकानदारासमोर धरायला अजिबात लाजू नका.

"एएम५ का नाही?" असं कोणी विचारेल. विचारायलाच हवं. एएम५ हे एएम४नंतरचं सॉकेट २०२२मध्ये आलं, आणि २०२७पर्यंत व त्यापुढेही ते चालू ठेवू असं एएमडीने सांगितलं आहे. म्हणजे पुढे फक्त प्रोसेसर बदलून काम भागेल. पण तिथे फक्त डीडीआर५ रॅम लागते. बजेटमध्ये पाच-सात हजारांचा वाव असेल आणि हाच बोर्ड दीर्घकाळ वापरायचा असेल तर एएम५वर रायझन ५ ८५००जी किंवा ८६००जीचा भाव काढून बघा. वाव नसेल तर एएम४ घेऊन तुमचं काही बिघडत नाही.

रॅम: दोन काड्या का?

१६ जीबी हे आजचं योग्य माप. पण १६ची एक काडी घ्यायची की ८-८च्या दोन? ग्राफिक्स कार्ड नसेल तर दोन. कारण आतल्या ग्राफिक्सना स्वतःची मेमरी नसते. ते तुमच्या रॅममधूनच वाटा उचलतात. दोन काड्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी देवाणघेवाण करतो, म्हणजे ड्युअल चॅनल. एका काडीवर ५६००जीचे ग्राफिक्स अर्धपोटी राहतात, आणि गेममध्ये हा फरक मोजायला लागत नाही, दिसतो.

भाव परवडत नसतील तर ८ जीबीची एक काडी घेऊन सुरुवात करा, पण तीच कंपनी, तेच मॉडेल, तोच वेग कागदावर लिहून ठेवा आणि दुसरी काडी तशीच आणा. डीडीआर४ घेत असाल तर ३२०० वेगाची घ्या.

जुन्या लॅपटॉपमधली रॅम या बोर्डात बसत नाही, तिची लांबी वेगळी असते. हे लिहायची गरज आहे का असं वाटेल, पण आहे.

एसएसडी

विंडोज हार्ड डिस्कवर टाकायचे दिवस गेले. ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्या, मान्यताप्राप्त कंपनीची, तीन किंवा पाच वर्षांच्या वॉरंटीची. सॅटा या जुन्या जोडणीच्या एसएसडीचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबतो, साधी एनव्हीएमई त्याच्या कित्येक पट पुढे जाते. रोजच्या वापरात हा फरक आकड्यांइतका मोठा जाणवत नाही, पण दोन्हींच्या किमती जवळजवळ असल्याने सॅटा घ्यायचं कारण उरत नाही. दोघींचा आकार सारखा असू शकतो, म्हणून पाकिटावर 'एनव्हीएमई' हा शब्द वाचूनच घ्या.

लग्नाचे फोटो, सातबाराचे स्कॅन, मुलांचे व्हिडिओ या सगळ्यासाठी घरात जुनी हार्ड डिस्क असेल तर ती दुसरी डिस्क म्हणून लावा. एसएसडी जाते तेव्हा हार्ड डिस्कसारखी खरखर करून आधी सांगत नाही.

एसएमपीएस: इथे मी हट्टी आहे

कोटेशनमध्ये 'कॅबिनेट विथ एसएमपीएस' असं लिहिलेलं दिसलं की ती ओळ खोडा आणि दोन वेगळ्या ओळी लिहायला सांगा. कॅबिनेटबरोबर येणारा फुकटचा एसएमपीएस ४५० वॅटचा म्हणून विकला जातो. त्याच्या बाजूचं लेबल वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टच्या लाइनवर जगतात, तेव्हा त्या रकान्यातले अँपिअर बघा आणि बाराने गुणा. १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. बाकीचे वॅट ज्या लाइनवर आहेत त्या आजच्या कॉम्प्युटरला फारशा लागतच नाहीत. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टवर ३५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो.

'८० प्लस' हे चिन्ह विजेच्या कार्यक्षमतेचं आहे, मजबुतीचं नव्हे. तरी ज्या कंपन्या ते रीतसर मिळवतात त्यांचा माल सहसा बरा असतो, म्हणून ८० प्लस ब्राँझ, तीन ते पाच वर्षांची वॉरंटी आणि ४५० ते ५५० वॅट एवढं ठरवून ठेवा. कार्डाशिवायच्या जोडणीला शंभर-दीडशे वॅटहून जास्त क्वचितच लागतात. मग एवढा मोठा कशाला? उद्याच्या कार्डासाठी. त्याच कारणाने त्याला कार्डाला वीज देणारा ६+२ पिनचा पीसीआय एक्स्प्रेस कनेक्टर आहे का तेही बघा.

आणि घरातलं अर्थिंग. जुन्या चाळीत, वाड्यात, गावाकडच्या घरात तीन पिनचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते. मग कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लागला की मुंग्या आल्यासारखं होतं. लोक म्हणतात कॉम्प्युटर शॉक मारतो. दोष बहुतेकदा कॉम्प्युटरचा नसतो: एसएमपीएसच्या फिल्टरमधून झिरपणारा किंचितसा करंट अर्थमधून जायला हवा, त्याला वाट मिळत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, आणि टू-पिन अडॅप्टर लावून काम भागवू नका. पॉवर वारंवार जात असेल तर ६०० व्हीएचा यूपीएस या जोडणीला पुरतो. दहा-पंधरा मिनिटांत काम सेव्ह करून मशीन बंद करायचं एवढंच त्याचं काम. त्यावर लेझर प्रिंटर लावू नका.

कॅबिनेटबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पुढचा भाग जाळीचा हवा, काचेचा बंद नको. बोर्ड मायक्रो एटीएक्स (बोर्डाचा लहान आकार) असेल तर तो बसेल एवढा हवा. पुढे यूएसबी हवेत. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ राहत असाल तर पातळ, कडा नीट न रंगवलेल्या पत्र्याचा घेऊ नका, एका पावसाळ्यात गंजतो. प्रोसेसरचा पंखा ५६००जी आणि आय३-१२१००च्या सीलबंद खोक्यातच येतो, वेगळा कूलर घ्यायचं कारण नाही.

कोटेशन कसं मागायचं

मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड, म्हणजे आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, एकदा पायी फिरा. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. इतर शहरांतही चार दुकानं आणि ऑनलाइनचा भाव यांची तुलना करा. मात्र तुलना करता येईल असं कोटेशन हातात हवं. हे एक नमुन्यादाखल बघा:

आय३ बारावी जनरेशन, एच६१० बोर्ड, ८ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, कॅबिनेट विथ एसएमपीएस.

यात एकाही वस्तूचं नाव नाही. आय३ 'एफ' आहे की नाही? बोर्ड कोणत्या कंपनीचा? रॅम डीडीआर४ की ५, एक काडी की दोन? एसएसडी सॅटा की एनव्हीएमई? तुम्ही स्वतःच प्रत्येक भागाची कंपनी आणि पूर्ण मॉडेल लिहून न्या आणि फक्त भाव भरून मागा. भाव जीएसटीसकट आहे का तेही विचारा. या भागांवर तो १८ टक्के असतो, आणि 'बिल नको असेल तर एवढ्यात देतो' या वाक्याचा उगम तिथेच आहे.

बिल घ्याच, आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर त्यावर लिहून घ्या. वॉरंटीचा दावा कंपनीकडे बिलावर आणि सीरियल नंबरवर होतो. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला मागा. 'ट्रे'मधला सुटा प्रोसेसर स्वस्त असतो, पण त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी सहसा मिळत नाही, दुकानदाराच्या शब्दावर राहावं लागतं. दुकानदार ओळखीचा, जवळचा आणि बिल देणारा असेल तर पाचशे-हजार जास्त गेले तरी तिथेच घ्या. बोर्ड बिघडल्यावर कुरिअरची वाट बघण्यापेक्षा ते परवडतं.

विंडोजही कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीवर हवं. 'टाकून देतो' म्हणजे बहुतेक वेळा चोरीची प्रत. लायसन्सचे पैसे आत्ता नसतील तर लिनक्स मिंट टाकून सुरुवात करता येते, मराठी टायपिंग तिथेही होतं. पण टॅली, डोंगलवर चालणारं डीटीपी सॉफ्टवेअर किंवा व्हॅलोरंट यांपैकी काही हवं असेल तर विंडोजच लागेल. व्हॅलोरंटला विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू असाव्या लागतात. या दोन्ही सोयी वरच्या बोर्डांत आहेत, बायोसमध्ये जाऊन चालू आहेत ना ते बघायचं.

जोडताना

दुकानदार जोडून देत असेल तर समोर उभे राहून बघा. स्वतः जोडणार असाल तर फुलीचा, टोकाला चुंबक असलेला स्क्रू ड्रायव्हर पुरतो. बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि प्रोसेसर, पंखा, रॅम, एसएसडी तिथेच बसवा.

एएम४च्या प्रोसेसरला खाली बारीक पिना असतात. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि तो आपल्या वजनाने आत बसू द्या, दाबू नका. एलजीए १७००मध्ये पिना बोर्डावर असतात, तिथे बोटसुद्धा लावायचं नाही. रॅम मात्र जोर लावून, खटका ऐकू येईपर्यंत दाबावी लागते. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली पितळेचे स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) बसवलेत ना, जास्तीचा एखादा भलत्याच जागी राहिला नाही ना, हे तपासा, नाहीतर शॉर्ट होईल. मागची आयओ शील्ड (पोर्टभोवतीची पत्र्याची पट्टी) बोर्डाच्या आधी लावायची. २४ पिनची मोठी केबल सगळ्यांना आठवते. प्रोसेसरजवळची ४+४ पिनची विसरली जाते आणि मग पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर बायोसमध्ये तीन गोष्टी बघा: रॅम पूर्ण १६ जीबी दिसते का, ती दोन चॅनलमध्ये आहे का, आणि वेग ३२०० दाखवतो का. वेग कमी दिसला तर एक्सएमपी नावाचा पर्याय चालू करा.

सहा महिन्यांनी कार्ड घ्यायचं ठरलं तर

५६००जीबरोबर रेडिऑन आरएक्स ६४०० किंवा ६५०० एक्सटी घेऊ नका. ही कार्डं पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या रस्त्याच्या, चारच लेन वापरतात आणि ५६००जी जुन्या ३.० वेगाचा, त्यामुळे कार्डाचा जीव गुदमरतो. आरएक्स ६६०० किंवा त्याच्या तोडीचं कार्ड ८ जीबी मेमरीचं बघा, ते या एसएमपीएसवर आरामात चालतं. जुनं कार्ड घेणार असाल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्याच मशीनवर अर्धा तास गेम चालवून घ्या. क्रिप्टोच्या खाणकामात वापरलेली आरएक्स ५८० कार्डं अजून बाजारात फिरतात, बाहेरून पुसूनपासून ती नवीच दिसतात. कार्ड लावल्यावर मॉनिटरची केबल बोर्डातून काढून कार्डात लावायची.

पहिल्या आठवड्यात रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीची तब्येत आणि आधी किती तास वापरली गेली तो आकडा बघा. नव्या एसएसडीवर शेकडो तास दिसले तर ती नवी नाही. काही खटकलं तर वॉरंटीच्या चकरांपेक्षा दुकानातून बदलून घेणं सोपं असतं, आणि ती मुदत बहुतेक ठिकाणी आठवडाभराचीच असते. तोवर खोकी, पिशव्या आणि स्क्रूंच्या पुड्या फेकू नका.